शिकाऊ हात

चिंचपोकळीच्या रहिवाशास आजारी पडावयाचें म्हणजे बहुधा एखाद्या विद्यालयांतच पडावें लागतें. उत्तरेस परळचें के. ई. एम., दक्षिणेस भायखळ्याचें जे. जे., मुंबई सेंट्रलपाशीं नायर. या तिन्ही रुग्णालयांस वैद्यकीय महाविद्यालयें जोडलेलीं आहेत. जे. जे. चें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालचें, परळचें १९२६ सालचें. म्हणजे गिरणगांवचा गरीब रोगी पिढ्यान्‌पिढ्या येथून औषध नेत आला आहे, आणि त्याबरोबर आपल्या देहाचा धडाही देत आला आहे. या देण्याविषयीं त्यास काय वाटतें, हें मात्र फारसें कोणी विचारलेलें आमच्या ऐकिवांत नाहीं.

आमचे लोक अडाणी, म्हणून शिकाऊ डॉक्टरांस भितात, असें एक मत आहे. तें आम्हांस पटत नाहीं. भीति एके काळीं होती खरी, पण तिला कारणही होतें. १८९६ च्या प्लेगांत गिरणीकामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयावर, चालून गेला. आंत माणसें मारतात व चिरतात अशी वदंता होती. वदंता खोटी, परंतु ज्याच्या माणसास घरांतून उचलून नेतात आणि कांहीं सांगत नाहींत, त्यानें दुसरें काय समजावें?

आमचे एक वृद्ध शेजारी १९८२ च्या संपापर्यंत गिरणींत साच्यावर होते. गेल्या पावसाळ्यांत त्यांचें काळीज थकलें व त्यांना एका मोठ्या रुग्णालयांत ठेविलें. आम्ही त्यांच्या उशाशीं जाऊन बसत असूं. एके दिवशीं अध्यापक महाशय आठ विद्यार्थी घेऊन आले. त्यांनीं न विचारतां म्हातारबांचा सदरा वर केला आणि आळीपाळीनें आठ नळ्या त्या छातीवर टेकल्या. चर्चा सारी इंग्रजींत. आंतल्या आवाजास अध्यापकांनीं ‘सुंदर’ असें विशेषण लाविलें. मंडळी गेल्यावर म्हातारबांनीं आम्हांस विचारलें, “मास्तर, काय म्हणाले?”

तीस वर्षें आम्ही वर्गांत इंग्रजी कवितेंतील सौंदर्य उलगडून सांगत आलों. पण या सौंदर्याचें मराठी करणें जड गेलें. तरी सांगितलें: काळजाच्या पडद्याशीं रक्त अडतें, त्याचा आवाज होतो, आणि तो शिकणारास फार उपयोगी आहे. म्हातारबा हंसले. “आम्ही पण साचा असाच शिकलो, दुसऱ्याच्या मागं उभं राहून. हात बसायला पाहिजे. पण मास्तर, साच्याला थंडी वाजत नाय.”

तक्रार होती, नकार नव्हता. त्याच संध्याकाळीं त्या आठांतील एक मुलगी एकटीच आली. “आजोबा, मी पुन्हा तपासू का? नको म्हणालात तरी चालेल.” म्हातारबा आपण होऊन सावरून बसले. ती अर्धा तास बोलत राहिली. आडवें झालें कीं जीव घाबरतो म्हणून महिनाभर आपण भिंतीला टेकून झोपत होतों, ही गोष्ट त्यांनीं मोठ्या डॉक्टरांस सांगितली नव्हती, ती तिला सांगितली. मोठ्या डॉक्टरांस तरी कसा दोष द्यावा? खाटा संपून रोगी जमिनीवर निजलेले. त्यांच्याजवळ अर्धा तास कोठला? तो वेळ विद्यार्थ्यापाशींच असतो, आणि रोग्यांना हें पक्कें ठाऊक असतें.

पैसे भरून खाजगी खोलींत निजणाराच्या छातीवर आठ नळ्या सहसा टेकत नाहींत. मात्र त्यास बरें करणाऱ्या डॉक्टरचा हात बहुधा कोणा गरिबाच्या अंगावरच बसलेला असतो. हा व्यवहार इतका एकतर्फी असतां निदान विचारण्याची तरी चाल असावी. २०१९ पासून वैद्यकाच्या नव्या अभ्यासक्रमांत रोग्याशीं बोलावें कसें, वागावें कसें, याचेंही शिक्षण घातलें आहे. चांगलें झालें. पण विद्यार्थी शिकतो तें खाटेपाशीं, गुरूकडे पाहून. सदरा वर करण्यापूर्वीं गुरूनें विचारलें, तर आठहीजण विचारतील.

अर्थात् विचारलें म्हणजे नकारही ऐकावा लागतो. पुढल्या आठवड्यांत म्हातारबांनीं तो दिला. “आज नको, पोरी. आज बोलवत नाय.” तिनें नळी खिशांत घातली, त्यांना पाणी दिलें, आणि शेजारच्या खाटेकडे वळली. तेथील गृहस्थ आपला सदरा आधींच वर करूं लागले होते. त्यांना थांबवून तिनें प्रथम त्यांचें नांव विचारलें.