धोरण-विश्लेषकाच्या पेशास, रनाळ्याहून



रनाळ्यात तुझी ओळख करून द्यायची म्हणजे मोठी पंचाईत. पोरगं कॉलेजात गेलं की आमच्याकडे घरोघरी ठरलेली नावं निघतात: पोलीस भरती, तलाठी भरती, शिक्षक, आणि फारच हुशार निघालं तर एमपीएससी. तुझी भरती निघत नाही. तुला वर्दी नाही, सहीशिक्का नाही. पारावर कुणी विचारलं, "पोर्‍या, काय करस रे?" आणि त्याने तुझं नाव सांगितलं, की पुढचा प्रश्न आलाच: "हाई कोणता खातामा येस?" यावर तुझ्याकडेही धड उत्तर नसेल.

तुझं काम मात्र इथे कुणाला नवीन नाही. रनाळे हे नंदुरबार जिल्ह्यातलं महसुली मंडळ. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला तर ती अतिवृष्टी, नाहीतर नुसता पाऊस. पर्जन्यमापक एका जागी आणि शिवार कितीतरी गावांचं. यंत्राच्या डोक्यावर भुरभुर आणि दोन कोसांवर मिरचीचं वावर खरडून गेलेलं, असं झालं तर कागद यंत्राचं ऐकतो. मोजणीचा घटक कुठला धरायचा, हा प्रश्न कुणीतरी कुठल्यातरी टेबलावर सोडवलेला असतो. ते टेबल तुझं.

मोजणीच्या या घटकाने आमच्या भागाला एकदा चांगलंच झाकून टाकलं होतं. प्रादेशिक अनुशेष मोजायला नेमलेल्या अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला. मोजणी झाली जिल्हावार. नंदुरबार तेव्हा जिल्हाच नव्हता, तो झाला १ जुलै १९९८ ला. त्यामुळे सातपुड्यातले पाडे धुळ्याच्या सरासरीत विरघळले. दांडेकर म्हणजे काही साधी असामी नव्हे. नीळकंठ रथांबरोबर त्यांनी केलेला दारिद्र्याचा अभ्यास १९७१ मध्ये देशभर गाजला होता. पण इतका मोठा माणूसही जिल्ह्याच्या रेघेच्या आत काय चाललंय ते जिल्ह्याच्या आकड्यातून पाहू शकत नाही.

आणि पीक कापणी प्रयोग! तुला हे नाव रुक्ष वाटेल, मला तुझ्या सगळ्या धंद्यात हेच सर्वांत रसाळ वाटतं. शेताच्या नैऋत्य कोपर्‍यात उभं राहायचं, यदृच्छेने मिळालेल्या आकड्यांइतकी पावलं लांबीला आणि रुंदीला टाकायची, जिथे पोचू तिथे खुंट्या ठोकून दोरीने चौकट आखायची. तिथली बाजरी नेमकी किडकी निघाली तरी चौकट सरकवायची नाही, टपोरी निघाली तरी नाही. मग कापायचं, मळायचं, तोलायचं. शेतकरी बांधावर उभा राहून बघत असतो, कारण त्या वजनावर पुढे मंडळातल्या सगळ्यांचा पीकविमा ठरायचा असतो.

या पद्धतीची घडी १९४० च्या दशकात बसवली ती सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी पानसे यांनी. चौकट लहान असली की दोरीवर पडलेली ताटं मोजणार्‍याच्या हाताने आतच धरली जातात आणि उत्पन्न फुगतं, असं सुखात्म्यांचं म्हणणं होतं. चौकटीच्या आकारावरून त्यांनी थेट संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांशी वाद घातला. वाद वाचताना पांडित्याचा वाटतो. बांधावरच्या माणसाला मात्र तो लगेच कळतो: फुगलेलं उत्पन्न म्हणजे बुडालेला विमा.

तू हल्ली दोरीपासून लांब गेलास, ही माझी तक्रार आहे. दुष्काळ ठरवताना आता पाऊस, पावसातला खंड, उपग्रहाने टिपलेली हिरवळ, जमिनीतला ओलावा असे निर्देशांक लागतात. ३१ ऑक्टोबर २०२३ ला राज्याने ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात नंदुरबार तालुका होता. पद्धत चांगली आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेतच लिहिलंय की तालुक्यातल्या १० टक्के गावांत जाऊन शेतं डोळ्यांनी पाहायची. हे पाहणं वरच्या प्रेझेंटेशनमध्ये एका ओळीत उरकतं.

नंदुरबार तर तुझी आवडती प्रयोगशाळा. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आमचं नाव आलं. प्रयोग इथे, आणि प्रयोगाचा निष्कर्ष लिहिणारा दिल्ली-मुंबईचा, इंग्रजीतला. बोलीतलं उत्तर दुभाष्याकडून ऐकून तो वहीत उतरवतो, आणि दुभाष्या म्हणून धरलेला पोरगा तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकत असतो.

त्या पोराला तुझ्याकडे यायचं असेल तर वाट आहे, नाही असं नाही. पुण्याची गोखले संस्था १९३० पासून आहे, मुंबईच्या आयआयटीत धोरण-अभ्यासाचं केंद्र आहे, २०१५ मध्ये सुरू झालेली राज्याची मुख्यमंत्री फेलोशिप आहे. पण फेलोशिप संपली की पुढे काय? बहुतेक नोकर्‍या प्रकल्पाच्या, प्रकल्प संपला की नोकरी संपली. शहरातल्या घराला हे झेपतं. कोरडवाहू चार एकरवाल्या बापाला, पोराने तलाठ्याची परीक्षा सोडून तुझ्या मागे यावं, हे मी कुठल्या तोंडाने सांगू?

म्हणून एक मागणं. पुढच्या वेळी नंदुरबारचा अभ्यास निघाला की जाहिरात मराठीत काढ. इंग्रजीच्या रकान्याशेजारी अहिराणी, भिली, पावरी येते का, असाही रकाना ठेव, आणि त्याला गुण दे. घेतलेल्या पोराचं नाव ऋणनिर्देशात नको, लेखकांमध्ये छाप. आणि पगार किती, किती वर्षांचा, ते जाहिरातीतच लिही. पारावर पहिल्यांदा तेच विचारणार आहेत.

आपला,
रनाळ्याचा एक रहिवासी