फडताळ, गिट्टी आणि काका

‘फडताळ’ हा शब्द आता बहुधा कथा-कादंबऱ्यांतच भेटतो. जुन्या वाड्यांच्या भिंती हात-दीड हात जाडीच्या. फडताळे, कोनाडे, दिव्यासाठीच्या दिवळ्या त्यांच्या पोटातच असत. कांजूरमार्गच्या आमच्या सदनिकेतली आतली भिंत जेमतेम चार इंचांची. वडिलांच्या पश्चात गावाकडचे घर विकले गेले आणि त्यांची पुस्तके इकडे आली, तेव्हा ती या भिंतीला पेलवतील का, हाच पहिला प्रश्न होता.

मदतीला आले खालच्या मजल्यावरचे काका. स्टेशनच्या पूर्वेला क्रॉम्प्टन ग्रीव्हज्‌चा कारखाना होता. त्या जागेवर आता निवासी मनोरे उभे आहेत. काका त्या कारखान्यात फिटर होते. त्यांनी बोटाच्या पेराने भिंत वाजवली आणि म्हणाले, ‘‘ब्लॉकची आहे. हिच्यात आखूड गिट्टी सैल पडते.’’ मग लांब गिट्ट्या आणि लांब स्क्रू आले. फूटभर पुस्तके सहज आठ-दहा किलो भरतात. त्यातून फळीची जाडी तीच ठेवून, तितक्याच दाटीने पुस्तके भरून दोन आधारांमधले अंतर दुप्पट केले, तर तिचा बाक दुप्पट नव्हे, सोळा पट होतो. हे गणित काकांनी मांडले नाही. चार फुटी फळीच्या मध्यावर फक्त पेन्सिलीने फुली मारली. तिथे तिसरा ब्रॅकेट बसला.

दिव्याच्या बाबतीत मात्र ते कमालीचे कडक. छताच्या मध्यावरच्या दिव्याने आपलीच सावली पुस्तकांवर पडते, म्हणून एलईडीची पट्टी फळीच्या पुढच्या कडेला, आतल्या अंगाने लावायची ठरली. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल लावायचे नाही, वायर तिथूनच गेलेली असते. नुसते बटण बंद करूनही भागत नाही. ते न्यूट्रलवर जोडलेले असेल तर दिवा विझतो, वायर जिवंतच राहते. मेन स्विच बंद, मग टेस्टर, मगच हात.

कामगारसाहित्यावर आपल्याकडे थोडे लिहिले गेलेले नाही. सुर्वे अभ्यासक्रमात आले, त्यांच्यावर प्रबंध झाले. पण त्या समीक्षेत कामगाराचे दुःख जितके दिसते, तितके त्याच्या हाताचे ज्ञान दिसत नाही. भिंत वाजवून तिचा स्वभाव ओळखणे हेही एक वाचनच. असो.

प्रश्न उरला देण्याघेण्याचा. त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’तला (१९१५) सुतार बलुतेदार, सुगीत त्याचा वाटा ठरलेला. शेजाऱ्याने रविवार खर्ची घातला तर त्याचे बलुते कोणते? पैशांचे नाव काढताच काकांनी चहाचा कप खाली ठेवला. मग जरा वेळाने म्हणाले, ‘‘सर, मुलीकडे ठाण्याला अशाच दोन फळ्या मारायच्यात. माझा हात आता वर फार वेळ राहत नाही. ड्रिल तुम्ही धरा, मी खालून सांगतो.’’

येत्या रविवारी सकाळची लोकल ठरली आहे. गिट्ट्या मी घेऊन ठेवल्या आहेत, लांबच.