थंड इंजिन

दिवाळी सरली की आमच्या बीड जिल्ह्यातली कितीतरी माणसे कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात. गेल्या कार्तिकात माझा बी. ए.चा एक विद्यार्थीही निघाला. त्याला परीक्षेपुरते थांबवावे म्हणून मी भल्या पहाटे वडवणीजवळच्या त्याच्या वस्तीवर गेलो.

"घरच्यांनी उचल घेतलीय, सर," एवढेच तो बोलला.

ट्रक भरला होता. पण जुने इंजिन गारठून बसलेले. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते; दाबाने हवा तापते आणि तेल पेटते. लोखंडच थंडगार, तर हवा तापावी कशी? कॅनडासारख्या देशात अशा वेळी विजेचा हीटर इंजिनाला ऊब देतो. इथे एका बाईने तान्ह्याच्या अंघोळीसाठी तापवलेले पाणी मुकाट्याने पुढे केले. तिच्यामागून आणखी हंडे आले. ड्रायव्हरने रेडिएटर रिकामा करून ते बेताबेताने ओतले.

मी मनात म्हणत होतो, 'न होवो सुरू!' आणि हातातली विजेरी मात्र त्याच्यासाठी नीट धरून होतो.

तिसऱ्या खेपेस इंजिन खोकले, धडधडले. सगळ्यांना हायसे वाटले. गाडी वळणाआड गेली, उजाडले, तरी माझी विजेरी पेटलेलीच होती.