ताटी आणि कुलूप

१९७३ साली हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा मी पोरगाच होतो. आमच्या घराला दार नव्हतं, बांबूची ताटी होती. तीही कुत्रं शिरू नये म्हणून. अंगणात मोहफुलं वाळत घालून आम्ही चार दिवस पाहुणपणाला जायचो. परत आल्यावर तेवढीच असायची. कोणी काही उचललंच, तर गावाचे पंच बसत, दंड होई, अन् दुसऱ्या दिवशी तोच माणूस आपल्यासोबत बांबू तोडायला.

१९८२ साली चांद्यातून गडचिरोली जिल्हा निराळा झाला. त्याच सुमारास रानात बंदुका दिसू लागल्या, मग त्यांच्या मागावर दुसऱ्या बंदुका. रात्री कुत्री भुंकली की आई चूल विझवायची. एकाला भात वाढला की सकाळी दुसरा विचारी, "काहून वाढला?" यावर कोणते पंच बसवणार?

मागच्या वर्षी मुलानं लोखंडी दार बसवलं. आलापल्लीहून कुलूप आणलं. "बा, आता रस्त्यानं कोणीबी येते."

खरं आहे. कुलूप मी लावतो. किल्ली मात्र दाराशेजारच्या खिळ्याला टांगतो. शेजाऱ्यांना ठाऊक आहे. मुलगा चिडतो.