कॅम्पप्रमुखाचा माग

परभणी जिल्ह्यातील काही जुन्या घरांत ‘आजोबा कॅम्पवर होते’ एवढे एकच वाक्य पुढच्या पिढीच्या हाती उरलेले असते. कॅम्प म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या सरहद्दीला लागून, पण भारताच्या हद्दीत, स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी 1947-48 मध्ये उभारलेला सशस्त्र तळ. तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात हिंगोली आणि कळमनुरीचाही समावेश होता, पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड लागत असे, आणि उमरखेडसारख्या गावी तळ देऊन असलेल्या तुकड्या निजामी मुलखात शिरून करोडगिरीची नाकी, म्हणजे जकात वसूल करणारी ठाणी, उद्ध्वस्त करत. अशा तळाचा कॅम्पप्रमुख हा खऱ्या अर्थाने अधिकारी होता, परंतु त्याची नेमणूक कोणत्याही राजपत्रात छापली गेली नाही, आणि पलटणीतल्या पूर्वजाच्या वंशजाला जसे सेवापुस्तक मिळू शकते तसे त्याच्या वंशजाला काहीच मिळत नाही.

शिवाय गावचे दप्तर जाळणे हा त्या लढ्याचा ठरलेला कार्यक्रम होता, कारण वसुलीचे कागद नाहीसे झाले की त्या गावापुरता निजामाचा अंमल लुळा पडे. ज्या कागदांत पूर्वजाचे नाव आणि जमीन सापडली असती, तेच कागद कदाचित त्याच्याच हातून राख झाले असतील, आणि ती राख हाही त्याच्या कार्याचा पुरावाच मानायला हवा.

जे कागद वाचले ते बहुतेक विरुद्ध पक्षाचे, आणि संस्थानाचा कारभार उर्दूत चालत असल्यामुळे उर्दूत लिहिलेले. त्यांतली कालगणना फसली, म्हणजे पिकांच्या हंगामावरून निघालेली महसुली गणना, असून तिचे वर्ष आजूर महिन्यापासून, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होत असे. त्यामुळे इसवी सन काढण्यासाठी फसली सनात वर्षारंभीच्या महिन्यांसाठी 590 आणि जानेवारीपासूनच्या महिन्यांसाठी 591 मिळवावे लागतात. हे लक्षात न घेता सरसकट 590 मिळवणारा वंशज 1357 फसलीतल्या, वर्षअखेरच्या आबान महिन्याची नोंद सप्टेंबर 1947 ची समजेल, वास्तविक ती सप्टेंबर 1948 ची, म्हणजे निजामाची राजवट कोसळली त्या महिन्याची असते. एका आकड्याच्या चुकीने सगळा लढाच पूर्वजाच्या चरित्राबाहेर पडतो.

दुसरे साधन म्हणजे स्वातंत्र्यसैनिकाच्या निवृत्तिवेतनाची फाइल. केंद्र सरकारच्या 1972 च्या योजनेत किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास किंवा तेवढाच भूमिगत काळ सिद्ध करावा लागे. भूमिगताचा कागद मुळातच नसल्यामुळे सहकाऱ्यांच्या प्रतिज्ञापत्रांवर भिस्त ठेवावी लागे. लढ्यानंतर दोन तपांनी कचेरीच्या साच्यात लिहिलेल्या या मजकुरात खरा सैनिक आणि तोतया दोघेही एकच भाषा बोलतात, आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातील बनावट दाव्यांचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणून अशा फाइलीत साच्याबाहेरचे काय आहे ते शोधावे: पैनगंगेच्या एखाद्या उताराचे नाव, भाकरी देणाऱ्या घराचा उल्लेख, तूर काढणीच्या दिवसांची खूण. पूर्वज तिथेच जिवंत भेटतो.

बहुतेक घरांतला शोध 17 सप्टेंबर 1948 या दिवशी, म्हणजे निजामाने शरणागती पत्करली त्या दिवशी थांबवला जातो, आणि ही गोष्ट मनाला सलते. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूने लढणाऱ्या निमलष्करी स्वयंसेवकांच्या अत्याचारांनी पोळलेल्या या मुलखात, पोलिस अ‍ॅक्शन नावाने ओळखल्या जाणाऱ्या लष्करी कारवाईनंतर अनेक ठिकाणी निरपराध मुसलमानांची कत्तल झाली, आणि या हिंसेची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वाधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत परभणीला लागून असलेल्या नांदेडचे नाव घेतले. कॅम्पवरून शस्त्रासह परतलेला माणूस त्या आठवड्यांत आपल्या गावी काय करत होता, हा प्रश्न टाळून त्याचे चरित्र पुरे होत नाही. त्यासाठी वंशजाला गावातल्या जुन्या मुसलमान घराची पायरी चढून ‘तेव्हा आमचे आजोबा कुठे होते’ असे विचारावे लागते. त्यांनी कोणाला माळवदावर लपवले असो की ते दारात नुसते उभे राहिले असोत, मिळेल ते उत्तर पैनगंगेच्या त्या उताराच्या नोंदीशेजारी, शोधाच्या त्याच वहीत लिहून ठेवावे लागते.