साडेचार शिष्यवृत्त्या

अपूर्णांकाचं भय बँकेतल्या कारकुनाला नसतं. व्याजाचे पैसे आम्ही दशांशापुढे दोन घरं मोजतो. पण अमेरिकेत पहिल्या श्रेणीच्या कॉलेजातल्या मुलांच्या गोल्फ-संघाला वर्षानुवर्षं साडेचारच शिष्यवृत्त्या देता येत, हे वाचलं आणि मी चष्मा पुसला. पाचवा मुलगा अर्धाच खेळायचा की काय?

तसं नव्हे. साडेचारांचे तुकडे करून आठ-दहा पोरांत वाटायचे. कुणाला अर्धी, कुणाला नुसती पुस्तकांपुरती. मुलींना मात्र सहा. कारण मोठ्या विद्यापीठांत मुलांचा फुटबॉल एकटाच 85 गिळायचा आणि 1972 च्या कायद्यामुळे मुलामुलींचा ताळेबंद जुळवावा लागे. 2025 मध्ये नवी तडजोड झाली. ती मानणाऱ्या विद्यापीठांना शिष्यवृत्त्यांची मर्यादा नाही, संघात खेळाडू मात्र फार तर 9. मर्यादा उठली म्हणजे पैसे आले असं नव्हे, हे पगारदार वाचकांना सांगायला नको.

सामन्यात खेळतात पाच, धरतात चौघांचे आकडे. आमच्या शाखेतही तेच चालतं; फक्त पाचवा कोण, यावर एकमत नाही.

खरी गंमत अभ्यासाची. गोल्फमध्ये आकडा खाली गेला की टाळ्या, परीक्षेत वर गेला की. एकाच पोराची दोन खाती, जमा-नावे उलट! त्यात स्पर्धा बहुधा 54 भोकांची, कामाच्या दिवशी, परगावी. म्हणजे तास बुडालेच. त्यावर देखरेखीला हिशेब आहे. शिष्यवृत्तीवाल्या प्रत्येकाला सत्रागणिक दोन गुण : एक अभ्यासात पात्र राहिल्याचा, एक कॉलेज सोडून न गेल्याचा. संघाची बेरीज हजाराच्या मापात 930 च्या खाली गेली की हंगामाअखेरच्या मोठ्या स्पर्धा बंद. फुटबॉलच्या जथ्यात एखादा नापास खपून जातो. इथं एक पोरगा घसरला की सगळा संघ घसरतो.

आणि या खेळाला तिकीट नाही. झाडाआड उभं राहून फुकट बघा! उत्पन्न शून्य, प्रवासखर्च भरपूर. म्हणून काटकसरीची कात्री प्रथम इथं येते. दक्षिण कॅरोलिनातलं फर्मन हे छोटं विद्यापीठ. आवारात स्वतःचं गोल्फ मैदान, बेट्सी किंग आणि बेथ डॅनिएल इथल्याच. तरी 2014 च्या फेब्रुवारीत जाहीर झालं, हंगाम संपला की मुलांचा संघ बंद. पोरं खेळतायत आणि पायाखालची जमीन विकल्यासारखी! काहींनी हे कॉलेज निवडलं होतं तेच या संघासाठी.

मग ब्रॅड फॅक्सनसारखे माजी विद्यार्थी उठले, वर्गणी जमू लागली, आणि संघ वाचला.

हे मी घरी वाचून दाखवलं. ही म्हणाली, "वर्गणी? गणपतीसारखी?"

"तशीच," मी म्हटलं. "फक्त पावती-पुस्तक जाड."

"मग पुढच्या वर्षी पुन्हा दारात उभे राहणार," ती म्हणाली आणि कुकर उतरवायला गेली.