जुनं होणारं कापड

वाशिम जिल्ह्यात आज गोधडी शिवायला बसलं, की पहिली अडचण कापडाची येते. सुई आहे, दोरा आहे, वैशाखातल्या लांबच लांब दुपारी आहेत. अंथरायला जुनं सुती लुगडं मात्र घरात सापडत नाही. कपाट भरून साड्या आहेत, पण त्या साऱ्या सिंथेटिक. कितीही नेसल्या, कितीही धुतल्या तरी त्या मऊ पडत नाहीत. सुईखाली सरकतात, घाम टिपत नाहीत.

हे मला जाणवलं ते पुण्यात गोधडीच्या कार्यशाळेला जाऊन आल्यावर. तिथं शिकवणाऱ्या बाईंनी पट्टी, खडू, कागदी साचे बाजूला ठेवायला लावले. कापड हातात घ्या, डोळ्याला पटेल तसं कापा, एकाला दुसरं जोडा आणि पुढचं तेव्हा ठरवा, म्हणाल्या. मग त्यांनी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या गावच्या गोधड्यांची चित्रं दाखवली. कापसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबलेल्यांच्या लेकीसुनांनी, नातींनी शिवलेल्या. २००२ साली त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. त्यातली एक १९४२ सालची. मिसूरी पेटवे यांनी नवरा वारल्यावर त्याच्या शेतातल्या कपड्यांची ती शिवली. विटलेला निळा, मातकट करडा, गुडघ्याशी झिजलेलं कापड. त्या चित्रापुढून मला लवकर हलता येईना.

जीज बेंडला आणि आमच्या वाशिमला जोडणारा एक धागा कापसाचा आहे. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात अमेरिकेचा कापूस इंग्लंडला पोहोचेना, तेव्हा गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. ज्या युद्धानं त्या बायकांच्या आज्या-पणज्यांची बेडी तुटली, त्याच युद्धानं आमच्या काळ्या मातीत पऱ्हाटी पसरवली. पुढं कापसाच्या गाठी वाहायला मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची रेल्वे झाली, ती आपल्या कारंज्यावरून जायची. शकुंतला म्हणतात तिला. आता रुळांवर गवत आहे, आणि वाशिमच्या शिवारात मृग बरसला की जिकडेतिकडे सोयाबीन उगवतं. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. चार महिन्यांत हातात पैसा देणारं पीक तो घेणारच. पण वेचणीच्या दिवसांत बाईच्या ओटीत जमणारा कापूस गेला आणि अंगावरचं सूतही गेलं, हे दोन्ही एकाच आयुष्यात पाहिलं की जीव तुटतो.

माझी आजी मानोरा तालुक्यातली. तिनं साचा कधी पाहिला नाही. शेतातली कामं सरली की ती सारवलेल्या ओसरीत अख्खं लुगडं पसरायची, चारी कोपऱ्यांवर वजनाला दगड ठेवायची. त्यावर आजोबांचं धोतर, त्यावर मामांचे सदरे उसवून, त्यावर चिंध्या. शेजारणी चारी बाजूंनी बसत. कडेपासून धावदोरा निघायचा आणि वळत वळत आतल्या आत चौकोन होत मध्याकडे यायचा. टाके कुठं दाट, कुठं विरळ. कोणत्या बाजूला कोण बसलं होतं ते नंतरही ओळखू यायचं. एकदा मी वीत घेऊन तुकडे मोजायला लागले, तर म्हणाली, "मोजून काय करतं व माय? पुरलं तं पुरलं, नाई तं जोड लावू." हिरव्या काठाशेजारी जांभळी चोळी, तिच्याखाली पिठाच्या पिशवीचा पांढरा चौकोन. ते शेजार कोणी योजलेले नव्हते. तरी तिची गोधडी उन्हात वाळत घातली की रस्त्यानं जाणारी बाई थांबायची.

कार्यशाळेत शिकलेला हात घेऊन मी परतले, आणि तो हात खरोखर कामाचा आहे. न मोजता कापायचं धैर्य मला तिथंच आलं. पण त्या हाताला हवं ते कापड दुकानात मिळत नाही. नवं सुती कापड मिळतं. आजीची वीस-वीस वर्षं नेसलेली लुगडी, विहिरीवर आपटून, खळ जाऊन, उन्हात विटून इतकी पातळ झालेली, की चार पदरांतून सुई अलगद पार व्हायची, ती कुठून आणू? गोधडीचं अर्धं काम बाई सुई धरण्याआधी नुसती जगून करत असे. ते अर्धं काम आता कोणी करत नाही, आणि त्याची कार्यशाळा निघू शकत नाही.

आजी गेल्यावर तिची बहुतेक लुगडी वाटली गेली. एक गोधडी आमच्याकडे राहिली. वापरून तिचं वरचं कापड काही ठिकाणी विरलं आहे, आणि आतला थर दिसू लागला आहे. बारीक पांढऱ्या फुलांचं निळं कापड. आईला वरची ठिगळं ओळखता येतात: हे थोरल्या मामांचं, हे तिच्या पहिल्या परकराचं. निळं मात्र तिनं कधी पाहिलेलं नाही. तिच्या जन्माआधीचं असावं. आजीला एक मूल होऊन गेलं होतं, एवढं घरात ऐकलं आहे. ते मुलगी होती की मुलगा, नाव काय ठेवलं होतं, हे सांगणारं कोणी उरलं नाही. आजीला विचारता आलं असतं. तिच्या शेजारी त्याच गोधडीत मी कितीदा निजले.

विरलेल्या गोधडीवर नवा थर चढवतात, तशी आमच्याकडे रीतच आहे. बाबांची दोन सुती धोतरं आईनं काढून दिली आहेत, शेजारच्या काकूंनी एक जुनं पातळ. यंदाच्या उन्हाळ्यात ते चढवायचं. निळ्यावर कोणता तुकडा येईल, ते तिथं पोहोचल्यावर पाहू.